गादीवाल्याची गाडी

आमच्या ह्यांना माझ्या आईनं लग्नानंतर वर्षाच्या आतच नाव ठेवलं, होईलराव. तोंडावर नाही, मागे. पण आईचा आवाज असा की तिनं मागे म्हटलेलंही चार घरं पुढे ऐकू जातं, त्यामुळे ह्यांना ते कळायला फार वेळ लागला नाही. कळल्यावर हे नुसते हसले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

नाव काही उगाच पडलं नव्हतं. नळ गळतोय म्हटलं की "होईल". माळ्यावरचा दिवा गेलाय, "होईल". पाहुणे दारात उभे आहेत आणि घरात साखर नाही, तरी "होईल". आता हे होईल म्हणजे मी करीन, की आपोआप होईल, की तूच कर, ते इतक्या वर्षांत मला उमगलेलं नाही. बहुतेक वेळा होतं, एवढं खरं. कधी होतं ते विचारू नये.

ह्यांचा धंदा गाद्यांचा. घराला लागून पत्र्याची शेड, तिच्यात कापूस पिंजायचं मशीन, आणि मग सगळीकडे कापूस. ह्यांच्या भुवयांत कापूस, वाळत घातलेल्या कपड्यांवर कापूस, चहाच्या कपात कापूस. घशातही बसत असणार, कारण ह्यांचा आवाज कायम खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. पण एका बाबतीत हा माणूस होईल म्हणत नाही. गादी शिवून झाली की ती जमिनीवर टाकायची, चपला काढायच्या आणि तिच्यावर आडवं व्हायचं. आधी उताणं, मग ह्या कुशीवर, मग त्या कुशीवर. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मी किती वेळा म्हटलं, दिवसाढवळ्या दुकानात लोळताय, लोक काय म्हणतील. तर म्हणाले, "ज्यावर आपण झोपलो नाही, ते दुसऱ्याला कसं द्यायचं?" मी भाजी निवडायला घेतली.

बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे राहते. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते. जावयाच्या घरी राहतोय हे मात्र ती एक दिवस विसरली नाही. चहा अर्धाच घ्यायची, पंखा एकवरच ठेवायची, आणि कुणी काही करायला गेलं की म्हणायची, "राहू दे, मी आधीच ओझं आहे." दिवसातून किती वेळा हे ऐकावं माणसानं? मी चिडायचे. हे उठून शेडमध्ये जायचे.

त्यात आई न्हाणीघरात घसरली. मणक्याला मार बसला, ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले आणि लगेच पुढे पथ्यांची सरबत्ती सुरू केली. बसवायचं नाही. घरी न्यायचं ते आडवंच. कडक फळीवर. गचके अजिबात नकोत, एखादा जोराचा दणका बसला तर केलेलं सगळं पाण्यात. "आणि गादी नको," ते म्हणाले.

"घट्ट भरलेली चालेल?" ह्यांनी विचारलं.

"गादीच नको हो. फळी आणि वर पातळसं काहीतरी."

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आयुष्यभर गाद्या केल्या, आणि घरच्या माणसाच्या वेळेला गादीच बाद.

हॉस्पिटलच्या अँब्युलन्सचं नाव काढलं तेव्हा आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. बाबांना त्याच गाडीतून नेलं होतं, आणि मग आणायचं कुणी उरलं नव्हतं. "मला त्यात घालू नका," एवढंच बोलली. मग माझा भाऊ पुढे झाला. माझा भाऊ ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि घरातली संकटंही तो मीटिंगमध्ये सोडवल्यासारखी सोडवतो. हॉस्पिटलच्या मागच्या दारासमोर एक वृद्धाश्रम आहे. स्ट्रेचर ढकलत नेलं की झालं, गाडी नको, गचके नकोत. थोडे दिवस राहील, बरी झाली की बघू.

आई लगेच कबूल झाली. मला तिथेच भीती वाटली. माझी आई कुठलीही गोष्ट वाद घातल्याशिवाय कबूल करत नाही. संध्याकाळी मी तिचे केस विंचरत होते, तर म्हणाली, "माझी कॉट कुणाला तरी देऊन टाक. उगाच जागा अडते."

माझ्या हातातली फणी थांबली. थोडे दिवस जाणारं माणूस कॉट देऊन टाक म्हणत नाही. ती तिथे गेली की परत येणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आजारानं नाही, ठरवून. घरी येऊन हे सांगितलं आणि बोलता बोलता रडू फुटलं. हे अंगणात उभ्या असलेल्या आमच्या व्हॅनकडे बघत होते.

"आपल्या गाडीतून आणू," ते म्हणाले. "होईल."

आता ह्या गाडीबद्दल सांगायला हवं. कधीतरी ती पांढरी होती. मागच्या सीटा काढून टाकलेल्या, म्हणजे गाद्या रचायला सपाट जागा. आडवं माणूस नेता येईल अशी गाडी आमच्या ओळखीपाळखीत हीच एक, ते कबूल. पण तिच्या मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या असतात, वाकवून एकावर एक रचलेल्या. त्यांना पाटे म्हणतात. रस्त्याचा दणका आधी हे पाटे खातात, मग शॉकअप खातात आणि मग उरलासुरला माणसाच्या वाट्याला येतो. आमच्या गाडीत सगळाच्या सगळा माणसाच्या वाट्याला यायचा. एका बाजूचा पाटा तडकलेला, शॉकअप तेल गळून कोरडे पडलेले. गाद्या तक्रार करत नाहीत, म्हणून इतके दिवस होईल, होईल करत चाललं होतं.

गॅरेजवाल्याकडे गाड्यांची रांग लागलेली. आईला शनिवारी सोडणार होते आणि तो पुढच्या आठवड्याचं बोलत होता. तेव्हा ह्यांनी ठरवलं, पाटे आणि शॉकअप घरीच बदलायचे. तरुणपणी थोडे दिवस गॅरेजात काढले होते म्हणे. म्हणे अशासाठी की ही गोष्ट मला त्या दिवशीच कळली.

गुरुवारी सकाळी आम्ही सामान आणायला गेलो. दुकानाच्या शेजारी कुणीतरी लोखंड कापत होतं, कानठळ्या बसत होत्या. दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारलं, मग ओरडून विचारलं, "काय वाहता?"

हे आपल्या विहिरीतल्या आवाजात म्हणाले, "गाद्या."

"मग हे घेऊन जा," दुकानदार म्हणाला. "कितीही भरा, ह्यांना काही होणार नाही."

पाटे इतके जड होते की एकेक उचलायला दोघं लागलो. मला ते बघून जरा धीर आला.

दुपारी अंगणात काम सुरू झालं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून जॅक लावून गाडी उचलली, आणि खाली दोन लोखंडी घोड्या लावल्या. जॅक सटकला तरी गाडी ह्या घोड्यांवर टेकून राहते, असं ह्यांनी मला समजावलं. मी विचारलं, घोडी सटकली तर? हे म्हणाले, "पाना दे, सतराचा."

मदतनीस मीच. शेडमधला कामाचा माणूस पाठीला हात लावून बसला होता, त्याला म्हणे उसण भरली होती. मी आयुष्यात पाना धरलेला नव्हता. सतराचा मागितला की चौदाचा देत होते, आणि ह्यांचा हात गाडीखालून बाहेर येऊन तसाच रिकामा थांबायचा. त्या माणसानं एकदा तरी खेकसावं. नाही. हात आत जायचा, पुन्हा बाहेर यायचा. सगळी गाडी ह्यांच्या छातीच्या वर, बाहेर दिसतात फक्त दोन पाय, आणि मी त्या पायांशी बोलतेय. मला सारखं वाटत होतं, पाय हलायचे थांबले की काय. म्हणून मी मधूनमधून काहीतरी विचारत होते. ऐकू येतंय का, चहा टाकू का, फोन वाजतोय तो तुमचा की माझा.

शॉकअप निघाले. एका बाजूचा पाटा निघाला. दुसऱ्या बाजूचा एक बोल्ट गंजून असा बसला होता की जणू तिथेच उगवला होता. डिझेल ओतून ठेवलं, हातोडीनं ठोकलं, काही नाही. तो दिवस तिथेच संपला. रात्रभर मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत होते, आणि हे डोळे मिटून उताणे पडले होते. झोपलेत असं दाखवत होते, पण घोरत नव्हते, त्यावरूनच कळत होतं.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवला आणि पुन्हा गाडीखाली गेले. मी व्हॅनच्या पत्र्याला दोन्ही हात लावून उभी राहिले. मी धरून ठेवल्यानं गाडी थांबणार होती का? पण हात काढवेना. आतून ह्यांचं कण्हणं ऐकू आलं, मग कुरकुर, मग धाडकन आवाज झाला. माझ्या हाताखाली अख्खी गाडी थरारली आणि थोडी खाली बसली.

आणि गाडीखालून ह्यांचा आवाज आला, "झालं."

आपल्याकडे काम पुरं झालं की झालं म्हणतात, आणि सगळं संपलं की तेही झालंच. आता ह्यातलं कोणतं? गुडघ्यांवर बसून मी खाली वाकले, तर हे मातीत पडलेले, कपाळावर गंजाची भुकटी.

"काय झालं?" मी कसंबसं म्हटलं.

"बोल्ट सुटला."

मी त्यांच्या पिंडरीला असा चिमटा काढला की त्याचा डाग पुढे कितीतरी दिवस होता. आणि मग तिथेच मातीत बसून राहिले. मघाशी जॅक सटकून गाडी घोड्यांवर टेकली, त्याचा तो धक्का होता. घोड्या जागच्या जागी होत्या.

दुपारी भाऊ येऊन गेला. इस्त्रीच्या पँटीला डाग लागू नये म्हणून अंगणाच्या कडेनं चालत आला. गाडीचं मागचं चाक नाही, नवा पाटा अर्धा लटकलेला, हे खाली, मी हातापायांना ग्रीस फासलेली, हे सगळं त्यानं पाहून घेतलं.

"ताई, ही सर्कस कशासाठी? त्यांनी खोली ठेवलीय आईसाठी. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय, नाहीतर दुसऱ्या कुणाला देतील."

"थांब जरा."

"आईच तयार आहे, मग तुझं काय अडलंय?"

त्याला कॉटचं सांगावं असं फार वाटलं. पण सांगितलं असतं तर तोही घाबरला असता, आणि घाबरला की तो जास्तच कामं उरकतो. मी म्हटलं, "संध्याकाळी फोन करते."

उन्हं उतरली तेव्हा दोन्ही पाटे बसले होते, नवे शॉकअप लागले होते, चाकं चढली होती. जॅक हळूहळू खाली घेतला आणि गाडी जमिनीवर आली. पूर्वी एका अंगावर कललेली असायची, आता सरळ, मागून तर चांगली उंच उभी. ह्यांनी सगळे नट पुन्हा एकदा आवळले, हात पुसले आणि म्हणाले, "झालं."

ह्या खेपेला मला अर्थ कळला, निदान मला तसं वाटलं. मी तशाच ग्रीसच्या हातांनी भावाला फोन लावला. "आई घरी येतेय. ती खोली सोडून दे." त्यानं दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोन्ही वेळा नक्की म्हटलं.

फोन ठेवला तर हे गाडीच्या मागच्या दारातून आत चढत होते. आत फळी टाकली होती. तिच्यावर आईसाठी काढून ठेवलेली पातळ सतरंजी. चपला बाहेर काढून हे तिच्यावर उताणे झोपले. "चालव," म्हणाले.

मला गाडी चालवता येते. कुणाचा जीव मागे आडवा असताना चालवायची सवय नाही. हळूहळू गल्लीतून काढली. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. मी इतक्या सावकाश नेली की मागचा सायकलवाला घंटी वाजवायला लागला. पुढची चाकं उतरली. मागची चढली, आणि ठण्ण. गाडीची मागची बाजू अशी उडाली की माझंच डोकं टपाला लागायचं राहिलं. मागून फळी आपटल्याचा आवाज आला, आणि तिच्यावर ह्यांचं डोकं.

मी गाडी बाजूला घेतली. मागे वळून पाहिलं तर हे उठून बसले होते, मागचं डोकं हातानं धरून.

"जुने तुटके पाटे होते तरी इतकं आपटत नव्हतं," मी म्हटलं.

हे फळीवरून हात फिरवायला लागले. मग म्हणाले, "नाही होणार."

इतक्या वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. नळ, दार, दिवे, पाहुणे, आमच्या मुलीचं लहानपणीचं आजारपण, शेडवरचा पत्रा उडाला तो दिवस, कधी म्हणजे कधी नाही. त्या होईलवर मी आयुष्यभर करवादत आले होते, आणि माझा सगळा धीर त्याच्यावरच टेकलेला होता, हे मला तिथे रस्त्याच्या कडेला कळलं. खोली तर मी सोडून दिली होती. सकाळी आईला हॉस्पिटलातून काढायचं आणि न्यायचं कुठे?

ह्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आपटणारच ना साहेब," तो म्हणत होता. "जादा पट्टीचे पाटे आहेत ते. माल भरल्याशिवाय ते दबत नाहीत, आणि दबल्याशिवाय गाडी मऊ चालत नाही. तुम्ही तर लाद्या वाहता ना?"

"गाद्या," हे म्हणाले.

"काय?"

"लाद्या नाही. गाद्या. कापसाच्या."

पलीकडे पावतीपुस्तक चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला की बदलून देईन, पण हलके पाटे दुकानात नाहीत, सोमवारी येतील. आणि जुने पाटे? त्यांतल्या एकाचे तर काढता काढता दोन तुकडे झाले होते.

अंगणात गाडी लावली आणि माझा बांध फुटला. "जरा मोठ्यानं बोलायला काय होतं तुम्हाला? सगळं आयुष्य आपलं पुटपुटत! गाद्या म्हणायचं तर गाद्या म्हणा, जगाला ऐकू जाईल असं म्हणा. त्यानं लाद्यांची गाडी करून दिली. आता भरा लाद्या! भरा आणि आणा माझ्या आईला!"

शेजारचा कुत्राही भुंकायचा थांबला. हे माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, वाईट वाटूनही नाही. गादी शिवताना कुठे टाका घालायचा ते शोधताना बघतात तसं.

"भरू या," ते म्हणाले.

"काय?"

"लाद्या. कडकच पाहिजे ना आईंना? खाली लाद्या, वर फळी. गाडी दबेल."

आमच्या पलीकडे तिसऱ्या घरात एक फरशीवाले राहतात. घराघरांत फरशी बसवून देतात, आणि उरलेल्या लाद्या त्यांच्या भिंतीला लावून ठेवलेल्या असतात. हे गेले आणि मागितल्या. फरशीवाले म्हणाले, "न्या की, पण गादीवाल्याला लाद्या कशाला?" हे म्हणाले, "सासूबाईंना झोपवायचंय." त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे, पण चेहरा गंभीर करून ते स्वतः उचलू लागायला आले. सगळं सांगितल्यावर मात्र कमरेवर हात ठेवून हसले, आणि कुठे किती रचायच्या ते तेच दाखवायला लागले. चाकांच्या बरोबर वर जास्त, कडेला कमी. दोन लाद्या एकमेकींवर खडखडू नयेत म्हणून ह्यांनी प्रत्येक दोहोंच्या मध्ये कापसाचा पातळ थर घातला. लादी, कापूस, लादी, कापूस. आणि सगळं गाद्या बांधायच्या पट्ट्यांनी असं आवळून टाकलं की हलायची सोय नाही. एकेक थर चढेल तशी गाडी बोटाबोटानं खाली बसत होती. दिवे लागायच्या वेळेला काम संपलं.

सकाळी उजाडल्याबरोबर हे पुन्हा फळीवर झोपले आणि मी गाडी काढली. गतिरोधकाशी आले तेव्हा वेग कालच्याइतकाच ठेवला. पुढची चाकं उतरली. मागची चढली, आणि गाडी जरा खाली वाकल्यासारखी होऊन अलगद पलीकडे गेली. मी थांबले नाही. मोठ्या रस्त्याला लागले, खोदून बुजवलेल्या पट्ट्यावरून नेली, रेल्वेच्या फाटकातले रूळ ओलांडले. मागून काही आवाज नाही. मी विचारलं, कसं वाटतंय? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. गाडी थांबवून मागे धावले, दार उघडलं, तर हे तोंड उघडं टाकून घोरत होते.

हॉस्पिटलच्या दारात भाऊ आधीच आला होता. त्यानं गाडीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोलायला तोंड उघडलं. त्याच्याआधी हे म्हणाले, "तुम्ही मागेच बसा. अजून थोडं वजन हवंय." माझा भाऊ कधी नव्हे ते इस्त्रीच्या पँटीनिशी लाद्यांच्या कडेवर बसला.

वॉर्डातल्या माणसांनी आईला अलगद फळीवर सरकवलं. तिला मान हलवायची परवानगी नव्हती, पण डोळे सगळीकडे फिरत होते.

"ह्या लाद्या कशाला? कुणाचं घर बांधताय?" तिनं विचारलं. मग गाडीचं टप बघत, हळू आवाजात, "माझं एक ओझं होतंच, त्यात आणखी एवढं कशाला."

मी काहीतरी बोलणार होते. हे मागच्या दाराशी उभे होते, एक हात दाराच्या कडीवर. "आई, ह्या गाडीला ओझं लागतं," ते म्हणाले, आणि चक्क सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रिकामी असली की नुसती उडते, कुणाला सुखानं बसू देत नाही. ओझं असलं की जमिनीला धरून चालते. तुम्ही नसतात तर मला आणखी चार लाद्या घालाव्या लागल्या असत्या."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "चारच?"

"साडेतीन," हे म्हणाले, आणि मी आईशेजारी बसल्यावर दार लावून स्वतः गाडी चालवायला बसले.

सगळ्या वाटेत आईनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. तिची नखं रुतत होती. मी सोडवून घेतलं नाही. फाटक जवळ आलं तसं मी तिला सांगितलं, आई, आता रूळ येतील. तिनं डोळे मिटले. भावानं एका हातानं फळी धरली आणि दुसऱ्या हातानं पुढच्या सीटचा दांडा. पडल्यावर तिला हॉस्पिटलात नेलं तेव्हा शुद्ध नव्हती, तरी इथेच आपण ओरडलो होतो, असं आई अजूनही सांगते. गाडी खाली वाकली, पलीकडे गेली, पुन्हा वाकली, पुन्हा गेली. आई डोळे मिटूनच होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आलं का फाटक?"

"गेलं," भाऊ म्हणाला. त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

घरी तिची कॉट जागेवरच होती. कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी तिच्यावर फळी ठोकून ठेवली होती आणि ती स्वतः झोपून पाहिली होती, ते मी पाहिलं होतं. आईला तिथे निजवलं, पांघरूण घातलं. मी चहा टाकला, आणि तिनं अर्धा नाही, पूर्ण कप मागितला. नळीनं का होईना, पूर्ण प्यायली.

तेवढ्यात अंगणातून खडखड ऐकू आली.

"काय चाललंय?" आईनं विचारलं.

"लाद्या उतरवतायत. फरशीवाल्यांना परत द्यायच्यात."

आईनं नळीतून शेवटचा घोट ओढला. "त्यांना म्हणावं, राहू देत. महिन्यानं तपासायला बोलावलंय मला." मग तोंडातली नळी बाजूला करून म्हणाली, "न्यावं लागेल. आणि परतही आणावं लागेल."

मी बाहेर गेले. हे गाडीच्या दारात एक लादी दोन्ही हातांवर घेऊन उभे होते, भुवयांत कापूस. मी आईचा निरोप सांगितला.

"होईल," ते म्हणाले, आणि हातातली लादी पुन्हा गाडीत ठेवली.